पहिल्या बारा चाली

सकाळच्या शेवटच्या घाण्याचे पाव जाळीवर काढून मोठ्या बाईंनी फडक्याला हात पुसले आणि मधल्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. जावई कॉम्प्युटरसमोर बसला होता. काल दुपारी बसला होता तसाच. फरक एवढाच, की पेन्सिल कानावरून हातात आली होती.

"माणसाने बसावं, पण खुर्चीला मुळं फुटेपर्यंत बसू नये," त्या भिंतीवरच्या घड्याळाला म्हणाल्या.

जावयाला तोंडावर बोलायचं नाही, असा त्यांचा नियम होता. घड्याळ, मांजर आणि मैद्याची पोती यांच्यामार्फत चार महिन्यांत त्याला पुष्कळ ऐकवून झालं होतं.

तो काम करत असलेला छापखाना बंद पडला, तेव्हा लेकीला आणि त्याला त्यांनी स्वतः जाऊन घरी आणलं होतं. नवं काम मिळेपर्यंत, असं ठरलं होतं. लेक दुसऱ्याच पहाटे मळायला उभी राहिली आणि आता अर्धी बेकरी तिच्या हातावर चालत होती. जावई पोती उतरवायचा, ट्रे धुवायचा, सांगितलेल्या कामाला कधी नाही म्हणायचा नाही. पण हातातलं काम सरलं की तो या खुर्चीत. बरं, कॉम्प्युटरवरचा खेळ खेळायचा तर खेळावा. हा नुसता पडद्याकडे बघणार आणि वहीत लिहिणार. लग्नात वाढपी असता, तर पंगत उठेपर्यंत मीठ कुठे वाढावं याचाच विचार करत राहिला असता.

लेक मागच्या खोलीत झोपली होती, मांजर बाहेर गेलं होतं आणि घड्याळाला बोलून झालं होतं. मोठ्या बाईंनी स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी बसल्या.

"कोण ही माणसं?"

जावई दचकला. "वसाहतवाले आहेत, आई. गाव वसवायला निघालेत."

"मग वसवत का नाहीत?"

"जागा बघतोय. इथे नदी आहे, पण गव्हाची जमीन लांब. डोंगराकडे नेलं तर दगड मिळेल, पण दोन चाली फुकट जातील." त्याने वही पुढे केली. ओळीने आकडे, प्रत्येकापुढे बारीक अक्षरात काहीतरी. "पहिल्या बारा चाली नीट बसल्या, की पुढचा खेळ हातात राहतो. सुरुवात चुकली की चुकलीच."

"कधीपासून बघताय?"

"हा नकाशा... मंगळवारपासून."

आज गुरुवार होता. मोठ्या बाई पडद्याजवळ वाकल्या. नदीकाठी मूठभर माणसं उभी होती, खांद्यावर बोचकी घेऊन.

"एक चाल म्हणजे किती वेळ?"

"सुरुवातीला एक चाल चाळीस वर्षांची."

"चाळीस वर्षं? अहो, बोचकं घेऊन उभ्या उभ्या पोरींची लग्नं होऊन नातवंडं झाली असतील. पाणी समोर आहे ना? टेका म्हणावं त्यांना."

"पण आई, गहू..."

"मी आले तेव्हा कुठे होता गहू? या जागेवर टायरवाला होता. पहिले पंधरा दिवस पावाला रबराचा वास यायचा. लोक नाक मुरडून खायचे, पण खायचे. कुठलं बटण?"

त्याने दाखवलं. त्यांनी मैद्याने पांढरं झालेलं बोट त्यावर असं दाबलं, जसं पाव फुगलाय का ते दाबून बघतात. बोचकी नाहीशी झाली. चार घरं उभी राहिली, त्यावर एक इवलासा झेंडा. मोठ्या बाईंना बरं वाटलं, पण तसं दाखवायची त्यांना सवय नव्हती.

"झालं. आता पुढे?"

"आता एक टेहळ्या, आसपासचा मुलूख बघायला. मग दुसरं गाव वसवायला नवे वसाहतवाले." तो थांबला. "ते मी नेहमी लांबवतो."

"का?"

"ते पहिल्या गावातूनच काढावे लागतात. गावाची वस्ती घटते. शेतात राबणारी माणसंच उठून जातात." तो पेन्सिलीचं टोक न्याहाळत होता. "बरं नाही वाटत."

"मग दुसरं गाव होतं कधी?"

"बहुतेक वेळा होतच नाही. मी नवा नकाशा घेतो."

पुढे दुकानात कोणीतरी हाक मारली. जावई पाव द्यायला उठला. मोठ्या बाईंनी वही मांडीवर घेतली. त्यांची शाळा दुसरीतच सुटली होती, त्यामुळे अक्षराखाली बोट धरून वाचावं लागे. पानांमागून पानं नदी, गहू, टेहळ्या. शेवटच्या पानावरही तसेच बारा आकडे होते.

एक, छापखान्याला होकार, शुक्रवारपर्यंत. दोन, बंदराजवळ खोली. तीन, तिच्यासाठी तिथल्या बेकऱ्यांत विचारणे.

मोठ्या बाईंना वाटलं, खेळातल्या गावात आता छापखाना निघतोय. बंदरही असेल, नदी आहे तर. बोट खाली सरकलं. चार, आईंना सांगणे. हे खोडलं होतं. तेच पुन्हा सहावर लिहून खोडलेलं, नऊवर लिहून खोडलेलं. बाराव्या ओळीत इतक्यांदा खोडरबर फिरलं होतं, की कागदाला भोक पडलं होतं.

खेळातल्या गावांना आई नव्हती.

जावई परत आला आणि दारातच थांबला. मोठ्या बाईंनी वही मिटली नाही. लपवाछपवी त्यांना जमत नसे.

"वाचलंत?"

"वेळ लागतो, पण वाचते. तिला माहीत आहे?"

"तिनेच पत्ता काढला त्या छापखान्याचा. आता तीच म्हणते, राहू दे. आई एकटी भट्टी कशी पेलणार." तो खुर्चीत बसला नाही. "तुम्ही अडचणीत घरात घेतलंत. आणि आम्ही जाताना तुमचा उजवा हात घेऊन जायचं. कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

मागच्या खोलीत लेकीने कूस बदलली. खाट करकरली. मोठ्या बाई फडक्याच्या कोपऱ्याने बटणांवरचा मैदा पुसत राहिल्या. एक बटण पुसलं, शेजारचं पुसलं, मग पहिलंच पुन्हा पुसलं.

"समोरच्या शिंप्याची बहीण काम शोधते आहे," त्या म्हणाल्या. "हात जड आहे तिचा. पाव दगडासारखे करील पहिले काही दिवस."

मग त्यांनी पडद्यावरच्या चार घरांकडे बोट केलं.

"माणसं गेल्यावर ते गाव मरतं का?"

"नाही. हळूहळू भरून येतं."

"आणि तोवर?"

त्याने मान खाली घातली. "जड जातं."

"जाईलच."

त्या उठल्या, वही त्याच्या हातात दिली आणि मागच्या खोलीकडे निघाल्या. दाराशी वळून त्यांनी सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"जावईबापू, चार महिने तुम्हाला आळशी म्हणत होते, ते परत घेते. आळशी माणूस निदान स्वतःच्या सुखासाठी बसतो. तुम्ही माझ्या भिडेने बसलात, म्हणजे म्हातारपणी तुमच्या दोघांच्या वाया गेलेल्या आयुष्याचं खापर माझ्या डोक्यावर. त्या छापखानेवाल्यांना आत्ताच्या आत्ता फोन करून हो म्हणा. मी तिला उठवते. भिडस्त माणूस मी घरात ठेवून घेत नाही."