हिली काय म्हणते

यांतीनने आयुष्यात बसथांब्याकडे कधी बघितलं नव्हतं. तिथे बघायचं असतं ते बस येतेय का एवढंच. पण तिची भाची लॉरेन न्यूझीलंडहून आली आणि गावात पाय टाकल्या टाकल्या तिने पहिला फोटो काढला तो त्या बसथांब्याचा. मग सायकलींच्या शेडचा. मग दुकानाबाहेर रचलेल्या बटाट्याच्या पोत्यांचा. यांतीन पिशवी धरून बाजूला उभी राहिली आणि मनात म्हणाली, झालं, आता आठवडाभर हेच.

"मावशी, किती सुंदर आहे हे."

"तो कालवा आहे. गेल्या वर्षी कोण्या शहाण्याने त्यात फ्रिज टाकला होता."

"तरी सुंदर आहे."

"असेल बाई."

आमच्या द्रेन्थमध्ये, डच मुलखाच्या या कोपऱ्यात, एखादी गोष्ट अगदी जिवापाड आवडली तर माणूस 'वाईट नाही' म्हणतो आणि तेवढ्यावर भागवतो. लग्नातही हेच, अंत्ययात्रेनंतरच्या कॉफीलाही हेच. त्यामुळे दिवसातून चाळीस वेळा 'सुंदर' ऐकून यांतीनचे कान किटले होते. पण पोरगी एकसष्ट वर्षांची, एवढ्या लांबून आलेली, आणि तिची हनुवटी थेट हिलीची. तिला बोलणार काय?

हिली म्हणजे यांतीनची थोरली बहीण. पंचावन्न साली नवऱ्याबरोबर, बेरेंडबरोबर, बोटीत बसून गेली ती गेलीच. इथे जमीन मिळत नव्हती, तिकडे माणसं हवी होती. यांतीन तेव्हा तेरा वर्षांची. पुढे चौसष्ट वर्षांत हिली दोनदा आली. बाकी नाताळची पत्रं, वाढदिवसाची कार्डं. बेरेंड गेला, हिली वृद्धाश्रमात गेली आणि मग पत्रंही थांबली.

पुढचं लॉरेनने आल्या दिवशीच सांगितलं होतं. आधी हिलीच्या आठवणी गेल्या. मग, दोन वर्षांपूर्वी, इंग्रजी गेलं. एकदम नाही, हळूहळू, आज हा शब्द, उद्या तो. शेवटी उरली ती गावची बोली, लहानपणी गोठ्यात बोलायची ती. आणि ती बोली तिच्या पोरांना कधी शिकवलेलीच नव्हती. शाळेतल्या बाईंनी तेव्हा बजावलं होतं, घरी इंग्रजीच बोला, नाहीतर मुलं मागे पडतील. हिलीने ते इमानेइतबारे पाळलं. आता आई आणि मुलगी रोज समोरासमोर बसायच्या आणि एकीचं एक अक्षर दुसरीला कळायचं नाही.

"मी एक वर्ष डचच्या वर्गाला गेले," लॉरेन म्हणाली. तिचं डच पुस्तकातलं होतं, जपून जपून बोललेलं. "आईला ते पण कळत नाही. तिची भाषा वेगळीच आहे. आमच्या तिकडे हेग शहरातला एक म्हातारा राहतो, त्याला ऐकवलं. तो म्हणाला, हे शेतकऱ्यांचं काहीतरी आहे, मला नाही कळत. बहुतेक बडबडगीत असेल."

"काय ऐकवलंस?"

"आई एकच गोष्ट म्हणते. पुन्हा पुन्हा, अगदी तालावर. मी फोनवर घेतलंय." मग तिने फोन पर्समध्ये परत ठेवला. "पण आत्ता नको, मावशी. मला वाटतं ती या गावाबद्दलच काहीतरी म्हणते. आधी मला गाव बघू दे. मी स्वतः ओळखून बघते. मग तू सांग."

यांतीन "बरं" म्हणाली. आत्ताच्या आत्ता लाव, असं ती म्हणू शकली असती. पण खरं सांगायचं तर तिला भीती वाटली. हिली तिकडे बसून आपलंच नाव घेत असली तर? ये म्हणत असली तर? सत्याहत्तराव्या वर्षी, या गुडघ्यांनी, जगाच्या त्या टोकाला कोण जाणार? न ऐकलेलं बरं, निदान आजचा दिवस तरी. आणि आजचा दिवस म्हणता म्हणता तीन दिवस गेले.

तीन दिवस दोघी गाव हिंडल्या. चर्चमागची बाकं, दूध संकलनाची बंद पडलेली इमारत, चौकातली ओकची झाडं आणि त्यांच्याखाली लावलेल्या मोटारी. जुन्या घरी आता दुसरंच कुटुंब राहतं. त्या घरच्या बाईने आधी फोन करून या म्हणून बजावलं, आणि गेल्यावर मात्र स्वतःहून परसात नेलं. तिथे मुलांची उड्या मारायची जाळी होती आणि कोपऱ्यात गंजका हातपंप. लॉरेन त्या पंपावर हात ठेवून कितीतरी वेळ उभी राहिली. यांतीनला त्या पंपाचं पाणी आठवलं. लोखंडाचा वास यायचा त्याला. हिली आंघोळीच्या वेळी मुद्दाम तेच गार पाणी पाठीत ओतायची, अवदसा.

चौथ्या दिवशी सकाळी यांतीन कपडे वाळत घालायला गेली आणि चिमटा हातात धरून थांबली. दोरीवर दोन उशांचे अभ्रे, तिचा निळा झगा, लॉरेनचे मोजे. पलीकडे शेजाऱ्याच्या शेंगांचे वेल. वाईट नाही, तिच्या मनात आलं. मग तिला स्वतःचाच राग आला. या वयात हे काय खूळ लावून दिलं पोरीने, म्हणत ती आत गेली.

दहा वाजता कॉफी. यांतीनने डबा उघडला, दोघींना एकेक बिस्कीट दिलं, झाकण लावलं. थोड्या वेळाने तिने झाकण परत उघडलं आणि डबा लॉरेनपुढे सरकवला. आमच्याकडे असा दुसऱ्यांदा उघडलेला डबा कुणाच्याही नशिबी येत नाही. लॉरेनला त्याचं काय कळणार, पण तिने बिस्कीट घेतलं आणि पर्समधून फोन काढला.

"आता लावते," ती म्हणाली. "मला वाटतं मी ओळखलंय. ते त्या पंपाचं गाणं असणार. पाणी काढताना म्हणायचं."

तिने फोन साखरेच्या भांड्याला टेकवून ठेवला.

हिली खिडकीजवळ खुर्चीत बसली होती. किती बारकी झाली होती. अंगात गुलाबी स्वेटर, डावा तळहात गालावर, आणि ती पुढेमागे डुलत होती. मग आवाज आला. तोच आवाज, फक्त सुकलेला, आणि बोली अशी शुद्ध की आता आमच्या गावातही उरली नाही.

"दाढ दुखतीय माझी. खालची, पार मागची. सांगा की कुणाला तरी. दाढ दुखतीय माझी. खालची, पार मागची. सांगा की कुणाला तरी."

यांतीनने कप खाली ठेवला. शेजारी लॉरेन हसऱ्या चेहऱ्याने आईबरोबर तेच शब्द पुटपुटत होती. एकाही शब्दाचा अर्थ न कळता, एकही अक्षर न चुकवता.

"बघ ना, कसा ताल आहे," ती म्हणाली. "आम्हा सगळ्यांना पाठ आहे. नातवंडांनासुद्धा. मार्चमध्ये आईचा वाढदिवस झाला ना, तेव्हा केकभोवती उभं राहून आम्ही सगळ्यांनी मिळून तिला हे म्हणून दाखवलं. चौदा माणसं. आई इतकी रडली. आम्हाला फार बरं वाटलं, की तिच्यापर्यंत काहीतरी पोचलं."

आयुष्यभर यांतीनने तोंडाला येईल ते बोलून टाकलं होतं. पाद्र्याला, डॉक्टरला, स्वतःच्या नवऱ्याला त्याच्या शेवटच्या आजारातसुद्धा. आता मात्र सांगितलं तर ही पोर मोडणार. नाही सांगितलं तर हिली तिकडे गालावर हात धरून बसलेली. आणि हे आपण तीन दिवसांपूर्वी ऐकायला हवं होतं, हे आणखी वेगळंच.

"हे कधीचं आहे?" तिने विचारलं.

"फेब्रुवारीचं."

"अजून म्हणते?"

"नाही. ईस्टरपासून गप्पच झालीय. खाणंही कमी झालंय, नुसतं सूप घेते. डॉक्टर म्हणाले, या वयात होतं असं." लॉरेनचं हसू जरा ओसरलं. "का गं, मावशी? काय आहे हे गाणं?"

"गाणं नाही, पोरी."

"मग प्रार्थना?"

"ती म्हणतेय, दाढ दुखतेय. खालची, मागची. कुणाला तरी सांगा म्हणतेय."

लॉरेनला आधी कळलंच नाही. दाढ हा शब्द तिच्या वर्गात झाला नव्हता. यांतीनने तोंड उघडून, बोट आत घालून दाखवलं. मग लॉरेन म्हणाली, "नाही." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "नाही, मावशी, आम्ही ते केकपाशी म्हटलं." यांतीनने तिचा हात धरला. आमच्याकडे कोणी असा हात धरत नाही, पण दुसरं करण्यासारखं तिला काही सुचलं नाही.

तिकडे तेव्हा रात्रीचे आठ वाजत होते. लॉरेनने वृद्धाश्रमात फोन लावला आणि इंग्रजीत बोलली, आधी भराभर, मग अडखळत. नर्स गेली, तोंडात बॅटरी मारून बघून आली. हिरडी सुजली आहे, काळीनिळी झाली आहे. दाताचे डॉक्टर उद्या सकाळी. आत्ता दुखणं थांबायची गोळी देते. हे सगळं पाच मिनिटांत झालं. पाच महिने जे झालं नव्हतं, ते पाच मिनिटांत.

"ती जागी आहे," लॉरेन म्हणाली. डोळे पुसायचं तिला भान नव्हतं. "तू बोल तिच्याशी. सांग तिला, उद्या बरं वाटेल. सांग, आम्हाला कळलं नाही."

यांतीनने फोन कानाला लावला. पलीकडे खुर्ची करकरली, श्वास ऐकू आला.

"हिली, मी यांतीन."

"यांतीन शाळंत गेलीय," हिली म्हणाली.

"आले शाळेतनं," यांतीन बोलीत म्हणाली. "दाढ दुखतीय ना तुझी? उद्या डॉक्टर येतोय. काढून टाकतील."

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच सांगितलंस."

"मी समद्यांना सांगितलं," हिली म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, नुसता थकवा होता. "कुणी आयकंना. मग सोडून दिलं." यांतीनला वाटलं, झोपली. मग पुन्हा आवाज आला. "इथं एक बाई येती. रोज येती, हात धरून बसती माझा. लई चांगली हाय गं. केस विंचरती."

लॉरेन टेबलाच्या पलीकडून बघत होती. "काय म्हणतेय? माझ्याबद्दल आहे का काही?"

"तूच आहेस," यांतीन म्हणाली. "रोज येते म्हणतेय. चांगली आहे म्हणतेय."

लॉरेनने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि मान हलवली, सांग, अजून सांग, अशी.

"कुणाची गं ती?" हिलीने विचारलं.

"तुझीच की. तुझी लेक, लॉरेन."

तिकडे कुठेतरी ट्रॉली गेल्याचा खडखडाट आला.

"नाही," ती शेवटी म्हणाली. "माझी असती तर कळलं असतं तिला."

"काय म्हणाली?" लॉरेनने विचारलं. "मावशी, काय म्हणाली आई?"

"थकलीय म्हणाली," यांतीनने सांगितलं.