मी गेलो नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना मदरबोर्ड आहे. जुना आहे, बाद नाही. हे आधीच सांगून ठेवतो. कॉम्प्युटरच्या पेटीत जी मोठी हिरवी पाटी दिसते, तो मी. बाकीचे सगळे भाग माझ्यावरच बसतात आणि माझ्यामार्फतच एकमेकांशी बोलतात.

कारखान्यात मला तापवून, गार करून, पुन्हा तापवून पारखलं होतं. तरी दुकानात माझी जागा सगळ्यात खालच्या फळीवर. वरच्या फळीवर रंगीत दिव्यांचे बोर्ड मिरवत. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे.

एक दिवस एक बाई आल्या. इमारतींचे नकाशे काढणं हा त्यांचा पेशा. कचेरी बंद पडली, म्हणून घरीच काम सुरू करण्यासाठी त्या कॉम्प्युटर जुळवत होत्या. सोबत धाकटा भाऊ होता.

"ताई, हा घे. दिवे बघ कसले आहेत."

"मला काम करायचंय, रोषणाई नाही," बाई म्हणाल्या. मग कोपऱ्यात टेबल टाकून बसलेल्या दुरुस्तीवाल्याला त्यांनी विचारलं, "काका, कुठल्या कंपनीचे बोर्ड तुमच्याकडे कमी येतात?"

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "विकणाऱ्याला सगळे विचारतात, मला कुणी विचारत नाही. खालच्या फळीवरचा तो साधा बोर्ड घ्या. दहा वर्षांत त्या कंपनीचे चारच आले. हमीत होते ते कंपनीने कुरकुर न करता बदलून दिले."

"नाव तरी ऐकलंयस का कधी?" भाऊ म्हणाला.

"आत्ता ऐकलं," म्हणत बाईंनी मला उचललं.

आठ वर्षं मी राबलो. अंगावर धुळीचा थर चढला, पण एकदाही दगा दिला नाही. आणि एका सकाळी पडदा काळा तो काळाच. दवाखान्याचा नकाशा त्याच संध्याकाळी द्यायचा होता.

"बोर्डच गेला. तेव्हाच सांगत होतो," भाऊ म्हणाला. त्याने धावतपळत दिव्यांचा नवा बोर्ड आणला आणि मला रद्दीत गुंडाळून कपाटावर टाकलं. मित्रांनो, मी गेलो नव्हतो. पण माझी बाजू कोण मांडणार?

नवा बोर्डही सुरू होईना. बाई थबकल्या. "एकाच सकाळी दोन-दोन बोर्ड कसे जातील?" त्यांनी काकांना बोलावलं.

काकांनी मीटर लावला. "वीज पुरवणारा डबा मेलाय, बाई. बोर्डाला कशाला बोल लावता? असला हलका डबा आणला कुणी?"

भाऊ पुटपुटला, "मीच. गेल्या वर्षी."

काकांनी चांगला डबा जोडला. बाईंनी मला कागदातून सोडवलं, मऊ ब्रशने धूळ झाडली.

"अगं, नवा बसवलाय ना, राहू दे की."

"तो परत कर. याचा गुन्हा काय होता?"

त्यांनी स्वतः माझे स्क्रू आवळले. संध्याकाळी नकाशा वेळेवर गेला.

मित्रांनो, आम्हाला धुळीत लोटू नका, हलक्या विजेवर राबवू नका. आणि काही बंद पडलं तर आधी तपासा, मग बोट दाखवा. दया मागत नाही मी, न्याय मागतो. उद्या सकाळी एका शाळेचा नकाशा सुरू व्हायचा आहे, आणि मी माझ्या जागेवर आहे.