ज्याचं ओझं कमी, त्याने उतरायचं

मित्रांनो, मी बांबूची एक जुनी गाडी आहे. आमच्याकडे मला नोरी म्हणतात. गाडी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे दारं, खिडक्या आणि गाद्या आल्या असतील, तर त्या आधी पुसून टाका. बांबूच्या कामट्यांचा बाजेएवढा माचा, त्याखाली लोखंडी चाकांच्या दोन जोड्या आणि मागे शेताला पाणी ओढायचं एक लहानसं इंजिन, एवढाच माझा संसार. तोही आता मोडला आहे. बात्तांबांग शहराच्या दक्षिणेला, रुळांना लागून असलेल्या एका अंगणात मी फणसाखाली पडून असते. कोंबड्या माझ्यावर येऊन बसतात आणि त्यांना जे करायचं ते करतात.

मला योर्नने बनवलं. लढाई संपून फार वर्षं झाली नव्हती. रस्ते चिखलात गेले होते आणि आगगाडी आली तर आली, नाहीतर नाही. रूळ मात्र रिकामे पडले होते. रिकामी वस्तू आमच्या लोकांना बघवत नाही. योर्नने परसातल्या बेटातले बांबू तोडले, एका मोडक्या रणगाड्याची चाकं मिळवली आणि घासून घासून रुळांवर बसवली. त्या चाकांनी आधी काय काय तुडवलं असेल हे कुणी विचारलं नाही. लोखंड मिळालं हेच खूप होतं. कामट्या बांधायला लागणारा वेत त्याच्या बायकोने, फाल्लीने, सोलून दिला. वेताच्या धारेने तिची बोटं चिरली, पण तिने एकही गाठ सैल सोडली नाही. मी पहिल्यांदा निघाले तेव्हा तिने माझ्यापुढे उदबत्त्या लावल्या, केळी ठेवली आणि मला म्हणाली, "माणसं नीट ने गं बाई."

माणसं मी खूप नेली. बांबूच्या नळीत भाजलेला चिकट भात विकणाऱ्या बाया, कोंबड्यांच्या टोपल्या, शाळेचे मास्तर, तोंड बांधलेली डुकरं, आणि या सगळ्यांत अंग चोरून बसलेले भिक्खू. भिक्खूंना बाईचा स्पर्श चालत नाही, म्हणून त्यांना पुढे बसवायचं आणि मध्ये एखादं डुक्कर ठेवायचं. डुकराला कसलंच व्रत नसतं. आंबवलेल्या माशांचा डबा एकदा माझ्यावर उलटला, तो वास पुढचा पावसाळा येईपर्यंत गेला नाही. लोक नाकाला फडकं लावून बसले, पण बसले. सगळे म्हणायचे, योर्नच्या गाडीसारखी गाडी नाही. मला ते ऐकायला फार आवडायचं.

आता आमचा नियम ऐका. रूळ एकच आणि गाड्या दोन्हीकडून येणार. समोरासमोर आल्या की ज्या गाडीवर ओझं कमी, तिने उतरायचं. माणसं खाली, सामान खाली, माचा उचलून कडेला, चाकं उचलून कडेला. भरलेली गाडी पुढे गेली की पुन्हा सगळं रुळावर चढवायचं. दोन्हीकडची माणसं हात लावतात, त्यामुळे काम झटपट होतं. नियम कुणी लिहिलेला नाही. पोलीस नव्हते, सिग्नल नव्हता, पण या नियमावरून आमच्याकडे कधी डोकी फुटली नाहीत. योर्न तर या नियमाचा पक्का. आपण हलके असलो तर समोरच्याने म्हणायच्या आधी तो इंजिन बंद करून उतरलेला असायचा. आपण जड असलो तर जागचा हलायचा नाही.

एकदा असाच नारळांचा ढीग घेऊन आम्ही शहराकडून परत येत होतो. समोरून पुलापलीकडच्या गावच्या थऊनची नोरी आली. तिच्यावर फक्त त्याची म्हातारी आई होती, चटईवर आडवी.

थऊन म्हणाला, "योर्नदादा, आईला धाप लागलीय हो. शहरात दवाखान्यात नेतोय. आज तेवढी वाट द्या."

"माझ्यावर नारळ बघ आणि तुझ्यावर काय ते बघ. तूच सांग, कोणी उतरायचं?"

"माणूस आणि नारळ एकाच तागडीत घालता होय?"

"आज तुला सोडलं, तर उद्या प्रत्येकाच्या गाडीवर एकेक आजारी सासू निघेल!"

माझ्यावरचे लोक खो खो हसले. हसणाऱ्यांत एकालाही तिच्याकडे नीट बघावंसं वाटलं नाही. म्हातारी स्वतःच म्हणाली, "राहू दे रे थऊन. उतरव मला." तिला उन्हात खडीवर बसवलं, डोक्यावर चौकड्यांचं फडकं धरलं आणि आम्ही पुढे गेलो. म्हातारी वाचली, पुढे चांगली हिंडूफिरू लागली. पण थऊन त्या दिवसापासून योर्नशी बोलेनासा झाला. गावात मात्र योर्नची वाहवा झाली. नियम पाळावा तर योर्नने, असं लोक जेवतानासुद्धा म्हणायचे. घरी फाल्लीने भाताचं ताट त्याच्यापुढे जरा आपटूनच ठेवलं आणि म्हणाली, "नारळ काय मरणार होते थांबून?" योर्नने मान खाली घालून भात खाल्ला.

पुढे भातकापणीचे दिवस आले. सकाळची वेळ होती. फाल्ली पेंढ्या उचलायला वाकली आणि पेंढीखालच्या नागाने तिच्या मनगटाला दंश केला. योर्नने तिला उचलून आणलं आणि माझ्यावर निजवलं. शेजारची खोनआजी धावत आली आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मला वाटलं, आता इंजिन सुरू होईल. पण योर्न घरात गेला आणि भाताचं पोतं पाठीवर घेऊन बाहेर आला. ते त्याने माझ्यावर टाकलं आणि दुसरं आणायला वळला.

खोनआजी ओरडली, "अरे, डोकं फिरलं का तुझं? ही काय पोती भरायची वेळ आहे?"

"आज आपल्या गावचा बाजार आहे, आजी. समोरून भरलेल्या गाड्यांची रांग येणार. आपण हलके असलो तर दर गाडीला उतरावं लागेल. दर वेळी हिला उचलून खाली ठेवायचं? विष चढेल तिला. ओझं भरलं की वाट आपली."

"लोकांना डोळे नाहीत का? ओरड की! म्हणावं नागाने डसलंय, सरका!"

"कोण सरकतंय? मी सरकलो होतो का?"

फाल्ली एवढंच म्हणाली, "चला ना हो. जीभ जड झालीय माझी." तोवर तिसरं पोतं माझ्यावर पडलं होतं, मग चौथं. घरात होती नव्हती तेवढी पोती त्याने भरली. मित्रांनो, मी गाडी आहे, मला तोंड नाही. असतं तर मी त्या दिवशी गाव गोळा केला असता.

निघालो खरे, पण जाणार कसे? माझ्या कामट्या कण्हत होत्या. इंजिनाचा पट्टा घसरू लागला आणि रबर जळल्याचा वास यायला लागला. योर्न पट्ट्यावर पाणी मारायचा, दांडक्याने तो ताणून धरायचा. पुलाच्या आधी चढण आहे. एरवी मी ती कधी चढले हे बसणाऱ्यांना कळायचं नाही. त्या दिवशी शेजारच्या पायवाटेवरची म्हैस आमच्या पुढे गेली. फाल्लीच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या.

आजी म्हणाली, "योर्न, पोती टाक खाली."

"पुलावर रांग असेल, आजी."

"टाक म्हणते ना!"

"एकदा पूल जाऊ दे."

रडतखडत आम्ही पुलापाशी पोचलो. रांग होती. पण रुळांवर नव्हती. पुलाच्या पलीकडे सगळ्या गाड्या उतरवून गवतात ठेवलेल्या होत्या. माचे एकीकडे, चाकं एकीकडे, भाज्यांचे भारे चिखलात. बाजाराला निघालेली माणसं कडेला उभी होती. सगळ्यांत पुढे थऊन होता. पुलावरून लांबवरचं दिसतं. आजीच्या मांडीवर डोकं टाकलेली बाई त्याला दिसली होती. मग त्याने आपली भरलेली गाडी उतरवली आणि मागच्या प्रत्येकाला उतरवायला लावली. सगळे आमचीच वाट बघत ताटकळले होते.

थऊन धावत आला. पोती बघून आधी त्याला काही कळेना. "दादा, वहिनी अशा असताना हे भात कुठे घेऊन निघालात?"

थऊनने एकदा त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मग त्याला सगळं कळलं. तो टाकून बोलला असता तर बरं झालं असतं. तो फक्त मागे वळून ओरडला, "अरे या रे, हात लावा!" चारी बाजूंनी माणसं आली आणि पोती धडाधड गवतात जाऊन पडली.

हलकी झाले तशी मी सुटले. इतकी जोरात मी आयुष्यात धावले नव्हते. रुळांच्या सांध्यांवर चाकं उडत होती. योर्न दात आवळून दांडका धरून बसला होता. आणि रुळांवर कुणी नव्हतं, शहरापर्यंत कुणी नव्हतं. शहराची पहिली घरं दिसायला लागली तेव्हा खोनआजी हळूच म्हणाली, "योर्न, आता सावकाश घे. घाई नको."

त्याने ऐकलं नाही. तो तसाच शेवटपर्यंत धावला.

फाल्लीचं दहन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी थऊन आला. गवतात टाकलेली पोती त्याने आपल्या गाडीवर घालून आणली होती. त्याने ती पडवीत रचून ठेवली आणि हात जोडून निघून गेला. एकही पोतं कमी नव्हतं. त्यातल्या भाताचा दाणा योर्नने तोंडात घातला नाही, विकलाही नाही. उंदरांनी खाल्ला, उरलेल्याला मोड आले. लोक भेटायला यायचे तेव्हा तो म्हणायचा, "नागाने नेली." लोकही माना डोलवायचे. नागावर घातलं की सगळ्यांचीच सुटका होते. खोनआजी गप्प बसायची. ती आता नाही, त्यामुळे गप्प बसायलाही कुणी उरलेलं नाही.

पुढे रूळ नीट झाले, खरी आगगाडी आली आणि आम्हां नोऱ्यांना रुळांवर बंदी झाली. माझं इंजिन शेतावर गेलं, चाकं भंगारात गेली. फाल्लीने बांधलेले वेत एकेक करून सुटले. योर्न संध्याकाळी माझ्या काठावर येऊन बसतो. त्याचं वजन आता फारसं लागत नाही. थऊन कधी रस्त्याने जाताना दिसला की तो उठून आत जातो.

मित्रांनो, अशा वेळी जुन्या वस्तू म्हणतात, आमची निगा राखा, आम्हांला तेलपाणी करा. मी तसं म्हणणार नाही. बांबू कुजायचाच. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्याकडे कुणी वाट मागितली तर त्याची थट्टा करू नका. आणि तुमच्यावर तशी वेळ आली, तर मागे कधी कसं वागलो याचा हिशोब मांडत बसू नका. तोंड उघडा आणि वाट मागा. फार तर समोरचा नाही म्हणेल. आम्हांला त्या दिवशी एकानेही नाही म्हटलं नाही, कारण आम्ही कुणाला विचारलंच नाही. वाट पुलापासून शहरापर्यंत मोकळी होती. ती माणसांनी आमच्यासाठी मोकळी करून ठेवली होती, आणि आम्ही भात घेऊन आलो.