फाटकातला बांध

ही गोष्ट १९६७ सालच्या जानेवारीतली आहे. त्या महिन्यात आमच्या एल्डन काउंटीत वारा थांबलाच नाही, आणि वँग्लरांची म्हातारी भर वादळात गेली. मित्रांनो, मी एक जुना ग्रेडर आहे. उन्हाळ्यात खडीचे रस्ते सारखे करायचे आणि हिवाळ्यात बर्फ सारायचा, हे माझे काम होते. माझ्या पोटाखाली एक लांब पाते आहे. त्याच्या उजव्या टोकाला आजही एक तुकडा नाही. तो कसा गेला, ते सांगतो.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. मालगाडीच्या उघड्या डब्यावर साखळदंडांनी बांधून मला काउंटीतल्या लुंडबी गावी आणले. वाटेत पहिल्यांदा गावे दिसली, मग झाडे दिसली, आणि शेवटी दोन्ही बाजूंना नुसते गवत. मला वाटले, इथे रस्ता कोणासाठी हवा असेल?

पण रस्ते होते, आणि ते फार सरळ होते. इथले रस्ते कोणाच्या पायांनी पडलेले नाहीत. सरकारी मोजणीदारांनी आधी मैलामैलाचे चौकोन आखले आणि मग माणसांना बोलावले. त्याआधी इथे रानगवे होते आणि गव्यांच्या मागे फिरणारे लोक होते. त्यांना कसे हाकलले, हे लुंडबीच्या कॉफीच्या टेबलावर कोणी बोलत नसे. पुढे उत्तरेला नॉर्वेचे लोक बसले, दक्षिणेला रशियातून आलेले जर्मन. मध्ये विलोचा ओढा. वरचे लूथरच्या पंथाचे, खालचे पोपच्या. ते एकमेकांच्या लग्नाला जात नसत. शेत बुडून लिलाव निघाला की मात्र हटकून जात.

मी आलो तेव्हा दर मैलाला एखादे तरी धुराडे चालू असे. मग यंत्रे मोठी झाली, शेते मोठी झाली आणि माणसे कमी झाली. शाळा मिटल्या. एक घर रिकामे झाले की त्याच्या खिडक्या आधी पोरे फोडत, मग वारा. माझ्या फेरीत दर हिवाळ्याला एखादा वळसा कमी होई. इंधन वाचते म्हणून काउंटीचे पंच खूश होत.

माझा चालक सेल्मर एंगेबो हा उत्तरेकडचा. उंच, कमी बोलणारा, स्वच्छ कामाचा माणूस. रोज सकाळी तो माझे सांधे वंगणाने भरी आणि माझ्या दिव्यांवरचा बर्फ स्वतःच्या बाहीने पुसी. असा चालक मिळणे हे माझे भाग्य होते. पण सेल्मरच्या मनात एक गाठ होती, आणि तिचे नाव होते पायस वँग्लर.

पायस दक्षिणेचा. दुधाळ गाईंचा मालक आणि त्या काळी काउंटीचा पंच. ओढ्यावरचा जुना लाकडी पूल डागडुजीला आला तेव्हा पंचांच्या बैठकीत तोच उठून बोलला होता. पुलापलीकडे तीनच घरे उरली होती, त्यातले एक सेल्मरच्या वडिलांचे. पायस म्हणाला, "तीन चुलींसाठी पूल? उद्या त्यातल्या दोन विझल्या, तर पुलावरून काय बदकं न्यायची?" सगळे हसले, आणि पूल पाडायचे ठरले. दुधाची गाडी म्हाताऱ्या एंगेबोकडे जायची बंद झाली. त्याने गाई विकल्या, मग शेत विकले, आणि लुंडबीत दोन खोल्यांत राहायला आल्यावर तो वर्षभरही जगला नाही. लिलावाच्या दिवशी पायसने त्याचा नांगर विकत घेतला. पायसला वाटले असेल, गरज होती म्हणून घेतला. सेल्मरला तसे वाटले नाही.

आता ऐका, ग्रेडरवाला सूड कसा घेतो. रस्त्याने जाताना कोणाचे फाटक आले की चांगला चालक पाते किंचित उचलतो आणि वळवतो, म्हणजे सारलेला बर्फ पुढे निघून जातो. पाते उचलले नाही, तर बर्फाचा लांबच लांब बांध त्या फाटकात आडवा पडतो, आणि थोड्याच वेळात तो दगडासारखा होतो. सेल्मर सगळ्या काउंटीत पाते उचलायचा. एकाच फाटकापाशी उचलत नसे.

लुंडबीच्या खानावळीत याची रोज चर्चा. कोणी विचारी, "काय सेल्मर, आज किती उंच बांधलीस भिंत?" सेल्मर कॉफी ढवळत म्हणे, "नियम वाच. फाटकातला बर्फ काउंटीचा नाही." आणि दुकानदार सांगे, की या हिवाळ्यात पायसने फावड्याचा तिसरा दांडा नेला.

त्या घराच्या समोरच्या खिडकीत पायसची आई बसलेली असे. मागदलेना तिचे नाव. रशियातून बोटीने आली तेव्हा ती कडेवरची पोर होती. आता तिला दुसरे काम नव्हते. मी रस्त्याने जाऊ लागलो की ती काचेमागून हात वर करी. सेल्मरने एकदाही हात वर केला नाही. मला हात नाहीत, मित्रांनो. मी नुसता जात राही.

त्या नाताळानंतर पायसचा धीर सुटला. सेल्मर बांध घालून गेल्यावर त्याने फाटकाच्या आत, बर्फाच्या पोटात, ट्रॅक्टरचे एक जुने लोखंडी दंताळे उभे पुरले, दात बाहेरच्या बाजूला करून. पुढच्या फेरीला पात्याने जरा जास्त आत खाल्ले की मोडणार, असा हिशेब. पण तो हिशेब जुळायच्या आत वादळ आले. दंताळ्यावर पुरुषभर बर्फ चढला, आणि त्याच वादळात घरात मागदलेना वारली.

तिला घरामागच्या थंड स्वयंपाकघरात ठेवले होते. तिच्या नवऱ्याची कबर सेंट जोसेफच्या चर्चमागे होती, आणि शेजारची जागा तिने स्वतः राखून ठेवली होती. चर्चच्या माणसांनी गोठलेली जमीन मऊ करायला जुने टायर जाळून खड्डा खणला होता. पण रेडिओ सांगत होता, उद्या संध्याकाळी पुन्हा वादळ. ते आले की खड्डा बुजणार, आणि म्हातारीला वसंत ऋतूपर्यंत त्या थंड खोलीतच राहावे लागणार. घरापासून फाटकापर्यंतच्या वाटेवरचा पुरुषभर बर्फ तेवढ्यात फावड्याने निघणे शक्य नव्हते.

पायस सेल्मरला विचारणार नव्हता. जीव गेला तरी नाही. म्हणून त्याची बायको ओटिलिया हिने फोन उचलला. तेव्हा एका तारेवर आठ घरे असत, आणि घंटी कोणाचीही वाजो, आठही घरे ऐकत. त्यामुळे पुढचे बोलणे मला नंतर शेडमध्ये इतक्या वेळा ऐकायला मिळाले, की जणू मीच तारेवर होतो.

ओटिलिया म्हणाली, "सेल्मर, सासूबाई गेल्या."

सेल्मर म्हणाला, "वाईट झालं. पण काउंटीचा रस्ता फाटकापर्यंत आहे, ओटिलिया. आतला तुमचा."

"आतलाच तर अडलाय."

"पंचांना विचार. तुझ्या घरातच एक आहे."

तेवढ्यात तारेवर तिसरा आवाज आला. ही हुल्दा, उत्तरेकडची म्हातारी, सेल्मरच्या आईची मैत्रीण. "सेल्मर, मेलेल्या बाईनं कुठला पूल पाडला रे?"

"हुल्दामावशी, तुमचा फोन खाली ठेवा."

"तू आधी हो म्हण. मग ठेवते."

सेल्मर हो म्हणाला नाही. त्याने फोन आपटला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीपेक्षा लवकर शेडमध्ये आला. त्याने माझे इंजिन तापवले आणि माझ्यामागून येणाऱ्या शववाहिनीच्या चालकाला, अंतर ठेवून ये, एवढेच सांगितले.

वँग्लरांच्या फाटकाशी पायस उभा होता. काळा सूट, हातात फावडे. पहाटेपासून तो खणत असावा, कारण बर्फात चार ठिकाणी खड्डे होते. दंताळे मात्र त्याला सापडले नव्हते. वादळाने सगळ्या खुणा पुसल्या होत्या. मागे घराच्या पायऱ्यांवर नातेवाईक उभे होते.

दुसऱ्याच्या हद्दीत पाते घालण्यापूर्वी प्रत्येक चालक एक प्रश्न विचारतो. वैर असो, मैत्री असो, विचारतोच. सेल्मरने काच खाली केली. "आत काही आहे का? तार, अवजार, काही?"

पायसने एकदा नातेवाइकांकडे पाहिले. मला वाटले, आता सांगेल. एका वाक्याचे काम होते.

तो म्हणाला, "बर्फ आहे. दुसरं काय असणार?"

मी आत शिरलो. पहिला बांध फुटला, आणि पुढच्याच क्षणी माझ्या पात्यातून अशी कळ गेली, की तशी मी आयुष्यात कधी सोसली नव्हती. उजवे टोक तुटून उडाले. मी जागच्या जागी फिरलो. सेल्मरचे डोके काचेवर आपटले आणि काच तडकली.

तो खाली उतरला. कपाळावरून रक्त वाहत होते. त्याने बुटाने बर्फ बाजूला केला. लोखंडाचे दात दिसले, एकाशेजारी एक, सगळे त्याच्याकडे वळलेले.

शववाहिनीचा चालक म्हणाला, "चल परत. तुला कोणी बोल लावणार नाही." आणि खरेच, कोणी लावला नसता.

ओटिलिया बर्फ तुडवत धावत आली होती. तिने दंताळे ओळखले. ती नवऱ्याला हळू आवाजात म्हणाली, "पायस, तू सांग. मी सांगणार नाही."

पायस म्हणाला, "मीच पुरलं. नाताळानंतर."

"माझ्यासाठी," सेल्मर म्हणाला.

"तुझ्यासाठी."

"आणि आत्ता विचारलं तेव्हा?"

पायसने हातातले फावडे खाली टाकले. सेल्मरने घराकडे पाहिले. खिडकीतली खुर्ची रिकामी होती. तो बराच वेळ तिकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "काढ ते. हातानं."

पायस काळ्या सुटात गुडघ्यांवर बसला. ओटिलियामागून आलेले दोन पुतणे मदतीला पुढे झाले, तर सेल्मर म्हणाला, "कोणी हात लावायचा नाही." कोणी लावला नाही. पायसने हातमोजे फाटेपर्यंत ओढले आणि ते दंताळे एकट्याने खेचून कडेला टाकले. सगळे बघत होते. ते दृश्य चांगले नव्हते, मित्रांनो. सेल्मरच्या चेहऱ्यावर त्या वेळी दया नव्हती, आणि ती होती असे मी तुम्हांला सांगणार नाही.

मग त्याने माझे वंगण पुसायचे फडके कपाळाला बांधले आणि तुटक्या पात्याने घरापर्यंतचा रस्ता काढला. रस्ता अरुंद झाला, एका बाजूला ओरखडा राहिला, पण शववाहिनी गेली आणि परत आली. पुढे चर्चपर्यंत मी, माझ्यामागे मागदलेना, तिच्यामागे तिचे लोक. वारा आडवा होता. मी फाडलेला बर्फ आमच्या मागे पुन्हा मिटत होता.

सेल्मर पोपच्या चर्चमध्ये गेला नाही. माझे इंजिन चालू ठेवून माझ्या केबिनमध्येच बसून राहिला. ओटिलियाने कॉफी आणि कूखनचा, म्हणजे त्यांच्याकडच्या गोड केकचा, तुकडा आणून दिला, तो त्याने खाल्ला. नंतर पायस आला. हातांना पट्ट्या बांधलेल्या. म्हणाला, "काचेचं आणि पात्याचं मी बघतो."

"काच काउंटीची आहे," सेल्मर म्हणाला. "पूलपण काउंटीचाच होता."

त्यानंतर ते दोघे एकमेकांशी कधीही बोलले नाहीत.

आठवड्याने पुन्हा बर्फ पडला. वँग्लरांचे फाटक आले. मी वाट पाहत होतो, पाते उचलले जाईल. सेल्मरने ते उचलले नाही. बांध नेहमीसारखा पडला, आणि आरशात मला पायस फावडे घेऊन येताना दिसला. पुढे कित्येक हिवाळे असेच गेले. एवढेच, की त्या बांधात लोखंड पुन्हा आले नाही, आणि बांध कमरेच्या वर कधी गेला नाही.

पुढच्या निवडणुकीत पायस पडला. आठ घरांची तार त्याला पाडायला पुरेशी होती. पूल मात्र कोणीच बांधला नाही. पलीकडची उरलेली दोन घरेही मोडली. हुल्दामावशी नव्वदीला टेकून गेली, आणि म्हणतात की फोनशेजारच्या खुर्चीतच गेली. १९७८ साली वँग्लरांनी गाई विकल्या आणि पायस व ओटिलिया लुंडबीत राहायला आली.

त्या वर्षीचा पहिला बर्फ मला आठवतो. आम्ही त्या फाटकाशी आलो. खिडकीवर फळ्या ठोकल्या होत्या. सेल्मर थांबला. त्याने इंजिन मंद केले, आणि मग फार काळजीपूर्वक, इतर फाटकांपाशी उचलायचा त्याहूनही उंच, पाते उचलले. सगळा बर्फ पुढे नेला. फाटक अगदी स्वच्छ राहिले. आत जाणारे कोणी नव्हते, आणि फावडे घेऊन येणारेही कोणी नव्हते. सेल्मर मागे वळून पाहत राहिला. मला वाटते, त्याला त्या दिवशी फार एकटे वाटले.

पायस गेला तेव्हा ओटिलिया मुलीकडे दूर शहरात राहायला गेली. तिथून ती दर नाताळला सेल्मरला कूखन पाठवी. सेल्मर निवृत्तीनंतर चार वर्षांनी झोपेत गेला. माझ्यावर नवा चालक आला. तो वंगण वेळेवर घालत नसे, आणि माझे सांधे गंजले. आता मी काउंटीच्या शेडमागे गवतात उभा आहे. चिमण्यांनी माझ्या इंजिनात घरटी केली आहेत. काउंटीत मुले इतकी थोडी उरली आहेत, की माझ्यावर चढायलाही क्वचितच कोणी येते.

मित्रांनो, जुन्या यंत्रांना टाकून देऊ नका. त्यांना थोडे वंगण घाला, पावसात झाका. आणि शेजाऱ्याशी भांडण झालेच, तर मोकळेपणाने भांडा, कारण एक दिवस भांडायलाही शेजारी उरत नाही. पण तुमच्या फाटकाशी येऊन कोणी विचारले, आत काही आहे का, तर त्याला खरे सांगा.