गर्दी नसण्याची वेळ

लग्नाला एकोणीस वर्षं झाली, आणि या एकोणीस वर्षांत मल्लिनाथ सरांनी बायकोला एकही राजवाडा गर्दीत दाखवला नाही. तसं पाहिलं तर दाखवलाच नाही.

हैदराबादचा चौमहल्ला त्यांनी ठरवून शुक्रवारी गाठला. फाटकासमोर चिटपाखरू नव्हतं. "बघ, एक माणूस नाही!" असं म्हणून सरांनी कुलपाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. शुक्रवारी तो बंद असतो, हे रिक्षावाल्यानं परतीच्या वाटेवर सांगितलं. हंपी त्यांनी मे महिन्यात दुपारी दीड वाजता केली. तिथं खरंच कुणी नव्हतं. मुलगी शिवानी तेव्हा पाच वर्षांची होती. ती दगडावर बसली आणि भाजलं म्हणून किंचाळत उठली. दहा मिनिटांत तिघं सावलीच्या शोधात बसस्टँडवर परत. तरीही घरी सरांच्या हिशेबात या दोन्ही सहली यशस्वी म्हणूनच धरल्या जात.

मल्लिनाथ सरांचा लातूरला फिजिक्सचा क्लास. त्यांची बायको महादेवी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. ती कमी बोलायची. तेवढं बोलायला घरात सर होतेच. दरवर्षी संक्रमण मूलद्रव्यं शिकवताना ती वर्गात एक जुनं कॅलेंडर उलगडून धरायची. त्यावर म्हैसूरच्या राजवाड्यातल्या लग्नमंडपाचं छत होतं: रंगीत काचा आणि काचांमधले मोर. काचेत कोबाल्ट असलं की निळा, मँगनीज असलं की जांभळा, असं ती सांगायची. आणि दरवर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं, "मॅडम, तुम्ही पाहिलंय का हे?"

सोळा वर्षं ती एकच उत्तर देत आली होती. "चित्रात."

यंदा दिवाळीच्या सुट्टीत म्हैसूरला जायचं, हे तिनं जून महिन्यातच सांगून ठेवलं. "आत जायचं," एवढंच तिनं वाढवलं.

सरांनी ते मनावर घेतलं. म्हैसूरला इंजिनिअरिंग करणाऱ्या अमरनाथ नावाच्या जुन्या विद्यार्थ्याला त्यांनी चार मंगळवार राजवाड्याच्या दारावर बसवलं आणि दर पंधरा मिनिटांना आत जाणारी माणसं मोजायला लावली. आलेल्या आकड्यांचा आलेख काढला. आलेखात एक खळगा होता: दुपारी सव्वा एक. लोक जेवायला जातात. दुसरा, जरा उथळ, पावणेपाचला. सरांनी दोन पानं तयार केली. पहिल्या पानावर सव्वा एकची योजना, दुसऱ्या पानावर 'पर्याय ब', पावणेपाच. वर ठळक अक्षरांत लिहिलं: गोपनीय.

महादेवीनं दोन्ही पानं वाचली. "हे आपल्यापुरतं राहिलं तरच बरोबर आहे," ती म्हणाली. "सगळ्यांना कळलं तर खळगा भरून निघेल."

"सगळ्यांना कोण सांगतंय?" सर म्हणाले, आणि माणशी एक अशा तीन प्रती काढायला शिवमूर्तीच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले.

शिवमूर्तीच्या दुकानाची एक रीत होती. तीन प्रती सांगितल्या की मशीनमधून चार निघायच्या. चौथी त्याच्याकडे राहायची. कुठल्या सरांच्या नोट्स, कुठल्या क्लासचा सराव पेपर, सगळं त्याच्या मागच्या फळीवर मिळायचं. याची लातुरात कुणाला चोरी वाटायची नाही. चौथी प्रत निघाली नसती तर निम्मं गाव नापास झालं असतं.

दिवाळीनंतरच्या मंगळवारी, एक वाजून दहा मिनिटांनी, तिघं राजवाड्याच्या दाराशी पोचली. ऊन लख्ख होतं. सरांनी घड्याळ पाहिलं, समोर पाहिलं, पुन्हा घड्याळ पाहिलं.

रांग दारापासून चप्पलस्टँडपर्यंत, तिथून वळसा घालून बागेपर्यंत गेली होती.

"शाळेची सहल असेल," सर म्हणाले.

महादेवीनं रांगेकडे नीट पाहिलं. रांगेतल्या एका बाईनं डबा उघडून कडक भाकरी मोडली. तसा कुडुम आवाज कर्नाटकातल्या भाकरीचाही येतो, पण पाठोपाठ शेंगाचटणीची पुडी निघाली आणि "अगं, सृष्टीला दे की थोडी, सकाळधरनं उपाशी हाय पोरगी" असं थेट लातुरी बोलीत ऐकू आलं. जवळजवळ प्रत्येकाच्या हातात घडी घातलेला एक कागद होता. कागदावर आलेख होता. आलेखात खळगा होता.

"सर! नमस्कार सर!" रांगेच्या मधोमध शिवमूर्ती उभा होता. टोपी, गॉगल, गळ्यात पाण्याची बाटली. "एक नंबर नोट्स काढल्या सर! पन एवढी मानसं कुठनं आली, कळंना झालंय."

"शिवमूर्ती, किती प्रती काढल्या?"

"पयल्या पानाच्या आसतील दोनशे-सव्वादोनशे." त्यानं छातीवर हात ठेवला. "पन सर, आईशप्पथ, एकेकाला बजावून दिलं. कुनाला दाखवू नका म्हनलं."

"अन् त्यांनी दाखवलं नाही," महादेवी हळूच म्हणाली. "सगळे आपापला घेऊन आले."

शिवानी हसायला लागली. सरांनी तिच्याकडे पाहिलं तशी ती चप्पल काढायला वाकली.

सरांचा चेहरा मात्र लगेच उजळला. त्यांनी पिशवीतून दुसरं पान काढलं. "काही बिघडलं नाही. ही सगळी पहिल्या पानावरची माणसं. तीनपर्यंत पांगतील. आपण पावणेपाचला जाऊ. बस त्या झाडाखाली."

"पावणेपाचला सूर्य कुठं असेल?"

"पश्चिमेला. का?"

"किती खाली असेल?"

"आता गर्दीचा आणि सूर्याचा काय संबंध, महादेवी?"

"गर्दीचा नाही, काचेचा आहे. काचेतून उजेड वरून यायला हवा. पावणेपाचला त्या छतात अन् माझ्या कॅलेंडरात काही फरक राहणार नाही."

"अगं, पण चेंगरशील!"

 महादेवीनं पर्स सरांच्या हातात दिली, शिवानीचा हात धरला आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

रांग सरकत होती. आत गेल्यावर ती रांग राहिली नाही, लोंढा झाली. कुणाचा कोपर बरगडीत, कुणाची वेणी तोंडावर. पायाखालची फरशी गार लागत होती, तेवढीच काय ती सोय. लग्नमंडपाच्या दाराशी तर सगळंच अडलं. आत गेलेला माणूस वर बघत उभा राहायचा आणि मागचा त्याच्यावर आदळायचा. पहारेकरी शिट्टी फुंकून दमला होता. महादेवीला छताची फक्त कड दिसत होती, आणि लोंढा तिला छताखालून न थांबता दुसऱ्या दारानं बाहेर काढणार हे स्पष्ट दिसत होतं. तिनं शिवानीचा हात घट्ट धरला.

तेवढ्यात शिवमूर्तीचा आवाज आला. "ए, ढकलू नका! बॅच करा, बॅच! तीस-तीसची! दोन मिनिटं बघायचं आन् पुढं!"

लातूरच्या माणसाला रांग पाळ म्हटलं तर तो वाद घालेल. बॅच म्हटल्यावर त्याचे पाय आपोआप जागेवर येतात. बघता बघता तीस माणसं मंडपात, तीस दारात, तीस मागे. कुणीतरी मोबाईलवर वेळ लावली. पहारेकऱ्यानं शिट्टी तोंडातून काढली आणि तोही बघत राहिला.

"मॅडम, तुम्ही तिसऱ्या बॅचला," शिवमूर्ती म्हणाला. "मधोमध उभं ऱ्हावा."

ती मधोमध उभी राहिली आणि तिनं मान वर केली.

मोर वर होते. त्यांच्यातून ऊन आत येत होतं. निळा तिच्या अंदाजापेक्षा गडद होता आणि हिरव्याचं तर कॅलेंडरवाल्यानं पार वाटोळं केलं होतं. कोबाल्ट, ती मनात म्हणाली. मग तिला वाटलं, खात्रीनं सांगायचं तर काच तपासावी लागेल. मग तिनं ते सोडून दिलं आणि नुसतं पाहिलं. बाजूला कुणाचं तरी बाळ रडत होतं. कुणाचा तरी कोपर अजूनही तिच्या बरगडीत होता. तो काढावा असं तिला वाटलं नाही.

"मम्मी, तुझ्या डोळ्यांत पाणी आलंय."

"एकटक पाहिलं की येतं," महादेवी म्हणाली.

दोन मिनिटांनी मोबाईल वाजला आणि तिसरी बॅच शिस्तीत पुढं सरकली.

मायलेकी परत आल्या तेव्हा सर झाडाखाली, मांडीवर पर्स घेऊन, रांगेतली माणसं मोजत होते. "बघ, ओसरायला लागली," ते म्हणाले. साडेचारला दारात तुरळक माणसं उरली. सर उठले, शर्ट झटकला, दुसरं पान काढलं. "चला, आता खरं बघू."

त्याच वेळी रस्त्याच्या कडेला चार लक्झरी बस येऊन थांबल्या. पहिलीच्या काचेवर नांदेड लिहिलं होतं, दुसरीच्या लोहा. माणसं उतरली, आणि एकेकानं खिशातून घडी घातलेला कागद काढला.

शिवमूर्ती चप्पल घालून बाहेर येत होता. सरांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"न्हाई सर, दुसरं पान मी लातुरात कुनालाच दिलं न्हाई," तो घाईनं म्हणाला. "नांदेडला माझ्या साडूचं दुकान हाय. तेवढं त्याला दिलं."

सर मटकन बाकावर बसले. मग त्यांनी सवयीनं पेन काढलं आणि पानाच्या पाठीमागे एक आडवी रेघ मारली. महादेवीनं पेन काढून घेऊन पर्समध्ये टाकलं.

"जा," ती म्हणाली. "रांग अजून लहान आहे."

"तू?"

"मी पाहिलंय."

हे शब्द तोंडातून निघाल्यावर तिनं ते पुन्हा एकदा म्हटले. "पाहिलंय मी."

सर चप्पल काढून रांगेत जाऊन उभे राहिले. त्यांच्यापुढं भोकरचे एक दगडोबा होते, धोतर, फेटा, हातात तेच दुसरं पान. त्यांनी मागं वळून सरांना आपादमस्तक न्याहाळलं आणि आवाज खाली आणला, पण तो झाडाखाली बसलेल्या महादेवीपर्यंत नीट पोचला.

"एकटेच आलात जनू? बरं केलं, याच टायमाला आलात," ते म्हणाले. "या वक्ताला हितं कुनी नसतंय. लातूरच्या एका मास्तरानं मोजून काढलंय. पर गावाकडं कुनाला सांगू नका."

"नाही सांगत," मल्लिनाथ सर म्हणाले, आणि मागून धक्का आला तसे एक पाऊल पुढं सरकले.