परमिट येईपर्यंत

बिरदेवने वायरचं टोक दातांनी सोललं, उघड्या तारेला पकडीने बाक दिला आणि ती बांबूच्या शेंड्याला अडकवून बांबू उभा केला. बिरोबाच्या देवळासमोर मांडव घातला होता, खुर्च्या आल्या होत्या, राम डीजेवाल्याचे भोंगे दोन्ही बाजूंना रचून झाले होते. आता हवा होता फक्त करंट, आणि तो वरून जाणाऱ्या तारेवरून फुकट घ्यायचा असतो, हे या गावात कुणाला शिकवावं लागत नव्हतं.

त्याची धाकटी बहीण दीपिका साडीच्या निऱ्या सावरत घराबाहेर आली ती नेमकी त्याच वेळी.

"दादा, आकडा टाकू नको."

"कामून?"

"घरच्या मीटरवरून घे की. वायर पुरतीय तिथपर्यंत."

"आपल्या मीटरवर डीजे चालतो व्हय?" बिरदेव हसला. "उद्यापासून तूच येनार आकडे धरायला. आजच्या दिवस टाकू दे. तुझ्याच सत्कारासाठी टाकायलोय ना."

मांडवातली पोरं खो खो हसली. वीज कंपनीत लागलेल्या पोरीचा सत्कार चोरीच्या विजेवर, यातली गंमत न कळण्याइतकं तिथं कुणीच खुळं नव्हतं. दीपिका पुढे काही बोलणार होती, पण तिची नजर ओट्यावर गेली. तिथं आबा, म्हणजे तिचा बाप येडबा, फेटा बांधत बसला होता. येलदरीच्या धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागे सरकलं की उघड्या पडलेल्या गाळावर हिरवं उगवतं, तिकडेच त्याची मेंढरं महिनाभर होती. आज पहाटे कळप मेव्हण्याच्या हवाली करून तो आला होता, आणि आई आरसा धरून समोर उभी होती. फेट्याचा पीळ मनासारखा बसेना म्हणून त्याने तो पुन्हा सोडला. बापाला इतका वेळ आरशात बघताना दीपिकाने आजवर पाहिलं नव्हतं.

ती पुन्हा निऱ्या सावरू लागली. आकडा तारेवर बसला, एक बारीक ठिणगी उडाली आणि भोंगे घरघरले.

मांडवात मागच्या बाजूला फ्लेक्स होता. सरपंच माणिकरावांनी तो जिंतूरहून छापून आणला होता. त्यावर डोकं दीपिकाचं होतं, परीक्षेच्या ओळखपत्रावरचं. गळ्याखालचा काळा कोट आणि टाय कुणाचा होता ते छापणाऱ्यालाच ठाऊक. समोर कॉम्प्युटर, मागे फिरती खुर्ची, आणि खाली ठळक अक्षरांत 'वीज कंपनीत अधिकारीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'.

ती अधिकारी नव्हती. विद्युत सहायक म्हणून तिची निवड झाली होती. तारा बघायच्या, खांबावर चढायचं, तुटलेलं जोडायचं, हे काम. आबाला तिने ते नीट समजावून सांगितलं होतं. त्याने दर वेळी मान डोलवून ऐकलं आणि पुढच्या भेटलेल्या माणसाला "पोरगी हापिसर झाली" म्हणून सांगितलं. यात खोटेपणा नव्हता. येडबाच्या हिशेबी नोकरदार दोनच जातीचे, खुर्चीत बसलेला आणि खुर्चीसमोर उभा राहिलेला. दुसऱ्या जातीत त्याचं अख्खं आयुष्य गेलं होतं, तेव्हा लेकीला तो पहिल्या जातीतच घालणार.

बारावीनंतर तिने आयटीआयला वायरमनचं शिक्षण घेतलं, तेव्हाही त्याने डिग्रीचा हट्ट धरला. डिग्री झाली की मोठी परीक्षा देता येते, एवढं त्याने कुठूनसं ऐकलं होतं. दीपिकाने डिग्रीही केली. या वर्षी कॉलेजच्या निरोपाच्या कार्यक्रमात सरांनी एकेकाला उभं करून पुढचं विचारलं. कुणी बँक म्हणालं, कुणी तलाठी, निम्मा वर्ग स्पर्धा परीक्षा. दीपिका म्हणाली, "मी लाइनवर काम करणार." वर्गात हशा पिकला. सरही हसले, पण मायेने. एकटी ती तेवढी हसली नाही. तिला वाईटही वाटलं नाही. आपल्याला काय करायचंय ते या सगळ्यांत आपल्यालाच सगळ्यात आधी कळलेलं आहे, असं वाटून तिला उलट जरा ऐटच आली होती.

कळलं होतं ते सातवीत. आश्रुबाकाका, आबाचा धाकटा भाऊ, डीपीवरचा फ्यूज टाकायला गेला. गावातले सगळेच जात. डीपीचं हँडल खाली ओढायचं, म्हणजे वरचा करंट बंद होतो, मग फ्यूजमध्ये तार पिळायची. काकानेही हँडल ओढलं होतं. पण वर तीन पात्यांपैकी एक पातं चिकटूनच राहिलं होतं, आणि ते खालून दिसत नाही. परभणीच्या दवाखान्यातून काका परत आला तेव्हा उजवा हात कोपरापाशी संपला होता. गावाने त्याच्या धाडसाचं कौतुक केलं आणि पुढच्या वेळी फ्यूज गेला तेव्हा बांबू बिरदेवने उचलला.

"तर मंडळी," माणिकराव माइकवर आले. गावात सगळ्यात मोठी जमीन त्यांची, आणि आवाजही त्याच मापाचा. "धनगरवस्तीची लेक आज साहेब झाली! आता डीपी जळाला तर अर्ज करायचा न्हाई. फोन लावायचा! साहेब घरचाच हाय!"

टाळ्या पडल्या. येडबाने फेट्याला हात लावून पाहिला. आश्रुबाकाका शाल पांघरून पहिल्या रांगेत बसला होता. भर उन्हाळ्यातही चार माणसांत यायचं म्हटलं की तो शाल घ्यायचा. टाळ्या वाजवायची त्याची एक रीत होती, डाव्या हाताने मांडीवर थाप मारायची. तशी तो मारत होता.

आपली पाळी आली की खरं काय ते सांगायचं, हे दीपिकाने मनाशी पक्कं केलं होतं. हसत हसत सांगू, म्हणजे आबाला लागणार नाही. माणिकरावांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, माइक तिच्याकडे सरकवला. रामने तेवढ्यात सनईची धून मोठी केली.

डीपीच्या बाजूने फट् असा आवाज आला. सनई मध्येच बसली, पंखे थांबले, मांडवभर उकाडा उतरला.

साऱ्या माना एकदम वळल्या. साहेबाकडे नव्हे, बिरदेवकडे.

तो उठलेलाच होता. बांबू त्याच्या हातात होता, खिशात तारेचं भेंडोळं असायचंच. "पाच मिन्टं," तो ऐटीत म्हणाला. "भाषनं चालू ठेवा तवर."

"दादा, थांब."

माइक बंद होता, त्यामुळे तिचा आवाज उघडाच गेला, आणि तिला वाटलं होतं त्याहून मोठा.

"काय झालं?"

"डीपीला हात लावायचा न्हाई. मी लाइनमनला फोन करतीय. सबस्टेशनवरनं लाइन बंद केल्याचं कळवतेत, त्याला परमिट म्हनतेत. परमिट आल्याबगर कुनीच हात लावायचा न्हाई."

माणिकराव हसले. "अगं, लाइनमन येलदरीहून यायला दोन घंटे लागतेत. बिरदेवला काय आज पैल्यांदा फ्यूज टाकायचा हाय का? हात बसलाय त्याचा."

"काकाचाबी बसला होता," दीपिका म्हणाली.

आश्रुबाकाकाने शाल उगाच पुढे ओढली. बोलून गेल्यावर तिला त्याचं फार वाईट वाटलं, पण आता मागे वळून चालणार नव्हतं. तिने हातातला नारळ खुर्चीवर ठेवला.

"आनि आनखी एक. मी साहेब न्हाई. हापिसर न्हाई. विद्युत सहायक हाय मी, उद्यापासून खांबावर चढनार. आबा, मी तुमाला सांगितलं होतं." आबाकडे बघायचं तिने टाळलं, कारण बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं. "फ्यूज कशानं गेला तेबी सांगते. आपल्या आकड्यानं गेला. सकाळी मला दिसत होता. मी गप बसले, ती माझी चूक. आता बसनार न्हाई."

बिरदेवचा चेहरा काळवंडला. तो खुर्च्यांच्या मधून सरळ तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"धाव्वीच्या वर्षाला रोज लाइट जायची," तो हळू म्हणाला. "तू रडत बसायचीस. उजेड कुनी आनून दिला तुला?"

"तूच."

"कसा आनला?"

तिने त्याच्या हातातल्या बांबूकडे पाहिलं. असाच आणला होता, याच बांबूने, भर पावसात, पायात चप्पल नसताना. तो परत येऊन "बस अभ्यासाला" म्हणायचा आणि ती बसायची. तो कसा आणतोय याचा विचार, काकाचा हात रोज डोळ्यांसमोर असूनही, तिने तेव्हा केला नव्हता, आणि पुढे जेव्हा केला तेव्हापासून तिला त्या मार्कांची भीती वाटायची.

"तवा लागलं न्हाई परमिट," बिरदेव म्हणाला. "आता साहेबांना लागतं." तो वळला आणि बांबू खांद्यावर टाकून मांडवाबाहेर निघून गेला.

आई, अंबाबाई, बायकांतून उठली. "जाऊ दे पोरी. लाइट येऊ दे, कार्यक्रम होऊ दे, मग बोला काय बोलायचं ते."

"न्हाई आई."

दीपिकाने लाइनमनला फोन लावला. डीपीचा ठिकाणा सांगितला, फ्यूज जळाल्याचं सांगितलं, आणि आकड्याचंही सांगितलं. पलीकडचा माणूस म्हणाला की निघतो, लाइन बंद करून घेतो, तोवर कुणाला जवळ जाऊ देऊ नका.

सत्काराचं जे व्हायचं ते झालं. रसना कोमट झालं. बायकांनी पदरांनी वारा घेतला, आणि मग पोरांना भूक लागल्याचं निमित्त करून एकेक उठू लागल्या. माणिकरावांना दुसऱ्या गावी जाणं होतं. ते जाताना कुणाशी नीट बोलले नाहीत. राम भोंग्यांवर कापड टाकून रागारागाने कुठेतरी निघून गेला. येडबा आपल्या खुर्चीवर होता तिथंच होता. त्याने फेटा उतरवून मांडीवर ठेवला होता आणि फ्लेक्सकडे बघत होता. वाचता त्याला येत नव्हतं; त्यावर काय लिहिलंय ते आता नव्याने कळल्यासारखा तो बघत होता.

दीपिका त्याच्या शेजारी जाऊन बसली. तिला रडू येत होतं, पण आपण चुकलो असं एकदाही वाटलं नाही.

"खांब लय उंच असतो ना गं?" येडबाने विचारलं.

"पट्टा असतो आबा कमरेला. शिकवलंय आमाला."

"मग ह्या कोटात कशी चढशील?" तो फ्लेक्सकडे हात करून म्हणाला. थट्टा करत होता की दुःखाने बोलत होता, हे तिला ओळखू आलं नाही. बहुधा त्यालाही ते ठाऊक नसावं.

आश्रुबाकाका उठून त्यांच्यासमोर आला. शाल त्याने खुर्चीवरच टाकली होती. तो अर्धा हात त्याने चार माणसांत कधी उघडा ठेवला नव्हता. काकाची माफी मागायला ती उठली, तर त्यानेच तिला खाली बसवलं.

"माझ्या येळंला थांब म्हननारं कुनी नव्हतं, पोरी." एवढंच बोलून त्याने इकडेतिकडे पाहिलं. "राम कुठं गेला? आनि बिरदेव?"

दीपिका ताडकन उठली. बिरदेव रागावला की हात थांबत नसत, आणि आज तर त्याला भर मांडवात थांबवलं होतं तिने. डीपी ओढ्यापलीकडे होता. ती साडी गुडघ्यापर्यंत खोचून धावली. काका मागून काहीतरी ओरडत होता. पक्कड, तार, बांबू, चिकटून राहिलेलं पातं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. लाइन बंद झाली की नाही हे अजून कुणी कळवलं नव्हतं.

ओढा चढून वर आली तेव्हा डीपीपाशी माणसं दिसली. पाठी तिच्याकडे होत्या. तिने दोघांना बाजूला ढकललं.

राम डीजेवाला चढ्या आवाजात बोलत होता. "रातीची सुपारी हाय माझी सेलूला. बॅटऱ्या चार्ज करायच्यात. दोन मिन्टांचं काम, नसंल टाकायचा तुला तर सरक, मी टाकतो."

डीपीच्या खालच्या ओट्यावर बिरदेव मांडी घालून बसला होता. बांबू त्याने हँडलच्या आडवा धरला होता, दोन्ही हातांनी, मेंढरं वाघरीच्या जाळीतून बाहेर पडू नयेत म्हणून दाराशी काठी धरतात तसा. घामाने त्याचा नवा शर्ट पाठीला चिकटला होता. म्हणजे तो मघापासून इथंच होता.

"हात लावून बघ," तो रामला म्हणाला. "हात लावून तर बघ."

मग त्याला दीपिका दिसली. तिची खोचलेली साडी, चिखलाचे पाय, खांद्यावरून घसरलेली सत्काराची शाल. त्याने नजर चुकवली आणि वर तारांकडे पाहिलं.

"परमिट आलं का?"

दीपिकाला दम लागला होता. तिने मान हलवली. "न्हाई अजून."

बिरदेव ओट्यावर थोडा बाजूला सरकला.

"मग बस," तो म्हणाला.