आधी अभिनंदन

खोटं तुम्ही बोलता, बँकेतले साहेब, आणि खाली नाव दुसऱ्याचं घालता. 'वरील मतं माझी स्वतःची आहेत' हे वाक्य शेअरवरच्या प्रत्येक अहवालाखाली कायद्यानं लागतं. त्याखाली तुमची सही कधीच नसते. सही असते मार्लीन डोब्रोव्स्कीची.

बफेलोच्या पोलाद कारखान्यातल्या फिटरची ही पोरगी अकरा वर्षं न्यूयॉर्कच्या बँकेत शेअर तोलत होती. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या त्या बड्या कंपनीचा शेअर फार तर दोनशे डॉलरचा, असं तिनं लिहिलं. तो दोनशे दहावर गेला. आता 'विका' म्हणायचं, झालं. तर तिचा वरिष्ठ गॅरेट म्हणाला, "अडीचशे कर."

"कशाच्या जोरावर?"

"कंपनीच्या वाढीचा दर सात टक्क्यांचा नऊ धर. बाई, बाजाराचा मूड बघ जरा!"

"मी काय हवामान खात्यात आहे?"

बोलली खरी, पण केले तिनं नऊ. पुढं अकराही केले. आधी भाव ठरायचा, मग त्याच्या मापाचं कारण शिवायचं.

आज कंपनीच्या तिमाहीचे आकडे आले. फोनवर पलीकडं मुख्याधिकारी, अलीकडं सगळ्या बँकांचे विश्लेषक रांगेत. रीत ठरलेली: आधी अभिनंदन, मग प्रश्न.

"काय तिमाही काढलीत, वा!"

"आम्ही तर थक्कच झालो!"

आठ जणांनी आठदा लाळ गाळली. गेल्या खेपेला 'थक्क' मार्लीनच झाली होती. तिला स्वतःच्याच तोंडाची घाण वाटली.

"अभिनंदन म्हण, नफ्याबद्दल काहीतरी गोड विचार आणि फोन ठेव," गॅरेट कानाशी पुटपुटला. "पाचला अहवाल निघतोय. किंमत तीनशे, सल्ला 'घ्या'. तुझी सही तेवढी राहिलीय."

"आपला कागद वाचून मास्तरांच्या पेन्शनचा पैसा यात जातो, गॅरेट."

"मास्तर खूश आहेत. सगळं जग खूश आहे. तुझ्याच पोटात का दुखतंय?"

"दुखत नाही. किळस येतेय."

फोनवर तिचं नाव पुकारलं गेलं. तिनं अभिनंदन केलंच नाही.

"तुमचा तिसरा हिस्सा माल तीन नव्या कंपन्यांनी घेतला. तिन्हींत भांडवल तुमचंच. तुम्हीच दिलेला पैसा तुमच्याच गल्ल्यात परत आला, त्याला विक्री म्हणता?"

मुख्याधिकारी हसले. "मार्लीन, तुमचे प्रश्न नेहमीच चमचमीत! भविष्याबद्दल आम्ही कमालीचे उत्साही आहोत. पुढचा प्रश्न—"

गॅरेटनं फोनवर झडप घातली. तिनं त्याचा हात झटकला.

"पुढचा नाही, हाच. उत्साह कुणी विचारला? उद्या माझ्या नावावर विसंबून लोक हा शेअर घेणार आहेत. तो तुमचा स्वतःचा पैसा बाजूला काढला तर विक्री वाढली की घटली? एका शब्दात सांगा. वाढली की घटली?"